नळकाका आणि टेबलावरचं हृदय

प्रयोगशाळेत सगळे त्यांना नळकाका म्हणत आणि त्यांना ते नाव मनापासून आवडे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. पंधराव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत त्यांनी नळकामाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. गळक्या तोट्या, तुंबलेली बेसिनं, वरच्या मजल्यावर न चढणारं पाणी, हेच त्यांचं आयुष्य. आणि हे सगळं थोरल्या भावाबरोबर. दादा पुढे, हत्यारांची पेटी घेऊन हे मागे. वजन ऐंशी किलोच्या पुढे गेलं तरी दादा त्यांना 'बारक्या' म्हणूनच हाक मारायचा.

घरात तिसरं माणूस म्हणजे वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा बारक्या दहा वर्षांचा होता आणि आई जाऊन त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी वहिनीने त्याला "अहो भावजी" अशी हाक मारली, तर कोण मोठा माणूस आलाय म्हणून बारक्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तेव्हापासून वहिनी त्याला अहो-जाहो करायची आणि तो तिला अगं-तुगं. त्याच्या बुटाची नाडी बांधतानासुद्धा ती म्हणायची, "अहो, पाय जरा पुढे करा." त्याने शाळेत मारामारी केली तेव्हा "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" असं म्हणून तिनेच त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

लग्न काही त्यांचं झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, फिसकटली, मग कुणी विचारायचं राहिलं आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही. वरच्या मजल्यावर एक खोली त्यांची, जेवण खाली. दिवस छान चालले होते.

एकदा दादा दुसरीकडे कामावर गेलेला असताना कॉलेजातून निरोप आला, मागच्या इमारतीत तळमजल्यावर बेसिन तुंबलंय. नळकाका एकटेच गेले. बेसिनाखालचा वाकडा पाइप उघडला तर आत पांढऱ्या रबरासारखे तुकडे अडकलेले. दहा मिनिटांत काम आटोपलं. हात पुसता पुसता त्यांची नजर खोलीच्या मधल्या टेबलाकडे गेली आणि पाय तिथेच थबकले.

टेबलावर नळकामच होतं, पण असलं नळकाम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. काचेसारख्या पारदर्शक पेटीत मुठीएवढी मऊ पिशवी होती आणि कुणी दाबावी तशी ती ठेक्यात आवळत होती, सैल होत होती. पिशवीला दोन तोंडं, दोन्हींना उलटं पाणी न येऊ देणाऱ्या झडपा. एका तोंडातून निघालेली जाड नळी कमान करून वळत होती, वाटेत एका हवेच्या डब्याला भेटत होती, पुढे एका चिमट्यातून जात होती, टाकीत उतरत होती आणि टाकीतून पुन्हा पिशवीत. आत गुलाबीसर पाणी गोल गोल फिरत होतं. टेबलाखाली मात्र दोन बादल्या, एक तसराळं आणि ओल्या फडक्यांचा ढीग. एक चष्मेवाली विद्यार्थिनी एका जोडावर फडकं दाबून रडकुंडीला आली होती.

नळकाकांना राहवलं नाही. "ताई, तुमचं गळतंय ते तिथून नाही."

"इथूनच गळतंय. हे बघा ना, ओलं आहे!"

"ओलं तिथे आहे, गळतंय वरून. पाणी नळीच्या पाठीवरून चालत येतं आणि उतार संपला की टपकतं. आपण मग टपकतं तिथे फडकी बांधत बसतो."

त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला, नळीच्या पाठीवरून वर वर सरकवत नेला. कमानीच्या अलीकडच्या जोडाशी कपटा ओला झाला. आवळपट्टीचे दोन फेरे सोडवले, नळीचं टोक सरळ कापून पुन्हा बसवलं, आवळलं. गळणं थांबलं. चष्मेवाली तोंडाचा आ वासून बघत राहिली.

"आणि हा डबा दणका झेलायला ठेवलाय ना?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"कसला दणका?" मागून आवाज आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्या दारात उभ्या होत्या.

"नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो ना? तो दणका. त्यावर आम्ही पाइपाच्या डोक्यावर हवेने भरलेला एक बंद तुकडा ठेवतो. पाणी धडकलं की हवा दबते, पाइपाला मार बसत नाही."

मॅडम आत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "शरीरातली मोठी रक्तवाहिनी तेच करते. हृदयाने रक्त ढकललं की फुगते, मग हळूहळू ओसरते. हा डबा म्हणजे तिचा तो मऊपणा. माझ्या मुलांना हे समजायला दोन आठवडे लागतात."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. ती पिशवी म्हणजे हृदयाचा डावा कप्पा. तो चिमटा म्हणजे अंगभर पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या, ज्या वाहत्या रक्ताला अडवतात. पाण्यात शंभरात चाळीस भाग ग्लिसरीन, म्हणजे ते रक्ताइतकं दाट होतं. हृदयाच्या रोग्यांसाठी कुणी नवी झडप केली, नवा पंप केला, की माणसाच्या छातीत जाण्याआधी तो इथे येतो आणि या टेबलावरच्या रक्ताभिसरणात आठवडेच्या आठवडे चालतो. चुकायचं असेल तर त्याने इथे चुकावं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी विचारलं, "कायमचे याल का?" आणि नळकाका हो म्हणून बसले.

घरी आकाश कोसळलं. दादा ओरडला नाही, हीच मोठी वाईट खूण. आठ दिवस तो भावाशी एक शब्द बोलला नाही. जेवायला दोघं समोरासमोर बसत आणि बोलणं वहिनीतून चाले.

"त्याला विचार, मीठ हवंय का."

"भावजी, मीठ हवंय का?"

"दादाला सांग, मिठाची बरणी माझ्याच हाताशी आहे."

"अहो, बरणी त्यांच्याच…" इथवर येऊन वहिनीने हातातलं पातेलं आपटलं. "तुम्ही दोघांनी माझी काय नळी केलीय का? इकडून ओतायचं, तिकडून काढायचं!"

दोघांनाही हसू आलं, पण दादाने ते गिळलं. "साहेब झाला तो," एवढंच म्हणाला. "मोठे नळ सोडून बाहुलीच्या न्हाणीघरात निघालाय." पुढची सात वर्षं तो प्रयोगशाळेला बाहुलीचं न्हाणीघरच म्हणायचा आणि एकदाही तिकडे फिरकला नाही.

नळकाका मात्र तिथे रमले. रोज सकाळी आधी पाणी गरम करायचं, बरोबर अंगाच्या उष्णतेइतकं. मग नळ्यांना पेचकसाच्या मुठीने टकटक करत बुडबुडे वर हाकलायचे, कारण एवढासा बुडबुडा सगळ्या मोजणीची वाट लावतो. मग हृदय लावायचं. एका बटणावर ते ठरे. निरोगी हृदय कप्प्यातल्या शंभर भागांतले साठ बाहेर फेकतं. बटण डावीकडे फिरवत गेलं की पन्नास, चाळीस, तीस. शंभरातले अठरा-वीस उरले की ते झालं पंपाच्या परीक्षेला लागणारं आजारी हृदय. आजारी करायला अर्धं मिनिट लागे, बरं करायलाही तेवढंच. सोमवारी आजारी, मंगळवारी निरोगी, असं नळकाकांनी किती वेळा केलं असेल याचा हिशेब नाही.

आठव्या वर्षी दादा जिन्यात थांबायला लागला.

आधी वाटलं, वय झालं. मग वहिनीच्या लक्षात आलं की मोजे काढले तरी त्यांचा व्रण घोट्यावर तासभर राहतो. मग बूट चढेनात. मग दादा आडवा झोपेना. पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागला. "खाटेपेक्षा खुर्ची बरी," म्हणायचा, जणू आवडीचाच प्रश्न होता. शेवटी दोघांनी धरून त्याला इस्पितळात नेलं.

हृदयाचे डॉक्टर सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "हृदय दमलंय. शंभरातलं अठराच बाहेर पडतंय."

वहिनीला त्या आकड्यातून काही बोध झाला नाही. दादा छताकडे बघत होता. नळकाकांना मात्र अठरा म्हणजे काय ते दिसत होतं. पिशवीची ती अर्धवट हालचाल, पडद्यावरची ती चपटी रेघ, टाकीत पडणारी ती मरतुकडी धार. सात वर्षं ते स्वतःच्या हाताने असं हृदय करत आले होते. पँटच्या खिशात त्यांचा उजवा हात आपोआप उजवीकडे वळला, बटण फिरवावं तसा. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी मूठ मिटून घेतली.

सहा महिने औषधं झाली. आकडा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, आता पंप बसवावा. हृदयाच्या टोकाला छोटा पंप, पोटातून बाहेर येणारी एक वायर, कमरेला कंट्रोलर आणि दोन बॅटऱ्या.

"मी काय टॉर्च आहे?" दादा म्हणाला.

वहिनीने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. दादाचं एकच पालुपद. "तीस-चाळीस वर्षं मोटारी बसवल्या मी. उघडून बघितल्याशिवाय एकही बसवली नाही. आता माझ्या आत बसवणार आणि मी बघायची नाही?"

नळकाका कोपऱ्यात उभे होते. "उघडून बघायचीय ना? मग चल."

"कुठे?"

"बाहुलीच्या न्हाणीघरात."

दादा सरळ होऊन बसला. मग वहिनीला म्हणाला, "अगं, माझा बरा सदरा काढ."

वहिनी गेली नाही. तिथे खरं रक्त नसतं हे सांगूनही तिचा विश्वास नव्हता. नळकाकांनी दादाला चाकांच्या खुर्चीतून नेलं. मॅडमनी सगळ्या मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती परीक्षेला बसल्यासारखी रांगेत उभी होती. टेबलावर, डॉक्टर बसवणार होते त्याच जातीचा पंप जोडलेला होता. शेजारी तसाच दुसरा, उघडून ठेवलेला. दादाने आधी तो उचलला, आतलं चक्र बोटाने फिरवलं, नाकाजवळ धरून पाहिलं.

"एवढीशी?"

"एवढीशीच. आता हृदय तुझ्याइतकं करतो." नळकाकांनी बटण अठरावर आणलं. पिशवी सुस्तावली. "आणि आता पंप चालू."

पडद्यावरची रेघ चढली. मुलं पडद्याकडे बोट दाखवायला लागली, तर दादा म्हणाला, "पडद्यावर काय, कुणीही काहीही काढेल. धार दाखव." त्याने खुर्ची टाकीपाशी घ्यायला लावली. धार जाड झाली होती. ती तो बघत राहिला.

"बॅटरी गेली तर?"

मॅडमनी नळकाकांकडे पाहिलं. नळकाकांनी दोन्ही बॅटऱ्या काढल्या. कंट्रोलर किंचाळायला लागला. पंपाच्या नळीत प्रवाह दिसावा म्हणून सोडलेले बारीक कण थबकले आणि उलटे मागे यायला लागले.

"उलटं येतंय."

"हो. बंद पडला की उलटं येतं. म्हणून दोन बॅटऱ्या. एक बदलताना दुसरी चालू. दोन्ही एकदम काढायच्या नाहीत. कधीच नाही, दादा."

"बरं केलंस दाखवलंस," दादा म्हणाला. "नुसतं चांगलं दाखवणारा माणूस माल खपवायला आलेला असतो."

मग त्याने टाकीतलं पाणी कमी करायला लावलं. पिशवी आत ओढली गेली, पंपाचा आवाज बदलला. "कोरडी ओढतेय," तो लगेच म्हणाला. "म्हणजे मला पाणी प्यायला विसरून चालायचं नाही." एका मुलीने हळूच मॅडमना विचारलं, "यांना कसं कळलं?" मॅडमनी तिला गप्प राहायची खूण केली.

दादाचं बोट कमानीवर येऊन थांबलं. "हा बेंड इतका आवळून कुणी घेतला? पाण्याला किती त्रास होतो!"

"शरीरात तसाच आहे," मॅडम म्हणाल्या. "हृदयातून नळी वर निघते आणि लगेच वळून खाली जाते."

दादाने विचार केला. "ज्याने केलं त्याला कुणी धड शिकवलं नसणार."

सगळी प्रयोगशाळा हसली. मॅडमनी तर पदराने डोळे टिपले. दादा हसला नाही, कारण तो गंभीरपणेच बोलत होता. तो आता पंपाजवळचा जोड बघत होता. नखाने त्याने जोडाच्या कडेने एक चक्कर मारली.

"हा कुणी बांधलाय?"

"मी."

"बरा आहे."

नळकाका वळले आणि उगाचच एक फडकं शोधायला लागले. दादाच्या तोंडून 'बरा आहे' त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदाच ऐकलं होतं, तेही दुसऱ्यांच्या कामाबद्दल.

परत निघताना, कॉलेजच्या फाटकाशी, दादाने खुर्ची थांबवायला लावली. "बारक्या, तू हे रोज बघतोस. तू बसवून घेतला असतास, तुझ्या आत?"

"घेतला असता."

"आणि घाबरला असतास?"

"खूप."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. "चल."

शस्त्रक्रिया नीट झाली. तीन आठवड्यांनी दादा घरी आला, पाठीशी एकच उशी घेऊन आडवा झोपायला लागला, चेहऱ्यावर रंग आला. वहिनी बॅटऱ्या बदलायला शिकली, वायरीपाशी पट्टी बांधायला शिकली. नर्सनी तिची परीक्षा घेतली त्यात ती पैकीच्या पैकी गुणांनी पास झाली. सगळं चांगलं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. दादाला नाडी नव्हती.

आजारपणाच्या वर्षभरात तिला एक सवय लागली होती. दादा खुर्चीत डुलकी घेत असला की ती शेजारी बसून त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. आता ती बोटं ठेवायची आणि खाली काहीच नसायचं. हा पंप ठोके देत नाही, सलग ढकलतो, त्यामुळे मनगटाला काही लागणार नाही, हे तिला तीन जणांनी सांगितलं होतं. तिने तिन्ही वेळा मान डोलावली होती. पण एका दुपारी नळकाका खाली आले तर दादा झोपलेला आणि वहिनी त्याच्या नाकाशी हातआरसा धरून बसलेली.

तिने आरसा झटकन पदराआड घेतला. मग बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, मला एकदा खरं सांगा. आत सगळं चालू आहे ना? का नुसतं आपल्या समाधानासाठी?"

"उद्या माझ्याबरोबर चल," नळकाका म्हणाले.

शेजारच्या काकूंना दादाजवळ बसवून वहिनी पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आली. आत शिरताच तिने कुणी न सांगता बेसिनवर हात धुतले, आजाऱ्याच्या खोलीत जाताना धुतात तसे. नळकाकांनी तिला टेबलापाशी बसवलं आणि तिचा हात जाड नळीवर ठेवला. हृदय निरोगी लावलेलं होतं. नळी तिच्या तळव्याखाली ठक, ठक करत होती.

"हे कसं, कळतं तरी," ती म्हणाली.

नळकाकांनी हृदय कमी कमी करत नेलं आणि पंप चालू केला. ठोके मंदावले, विरले.

"बंद पडलं!" तिने हात काढला.

"टाकीकडे बघ."

टाकीत धार पडत होती, न तुटता.

"आपल्या जुन्या घराजवळचा हापसा आठवतो तुला?"

"न आठवायला काय झालं? त्याच्या दांड्याला लोंबकळायचात तुम्ही."

"त्याचं पाणी कसं यायचं?"

"दांडा मारला की भसकन. मग थांबायचं. मग परत भसकन."

"आणि आता घरी टाकीचं येतं ते?"

"सरळ धार."

"घागर कशाने भरते?"

वहिनी धारेकडे वाकली. मग म्हणाली, "म्हणजे ते आता टाकीवर आहेत."

"हो. टाकीवर आहे दादा."

तिने पुन्हा नळीवर हात ठेवला, आता दोन्ही. ठोका शोधत नव्हती. नुसते हात ठेवून बसली होती. "हे कोमट आहे, भावजी."

"अंगाइतकं गरम ठेवावं लागतं."

"गेल्या वर्षी त्यांचे पाय बर्फासारखे असायचे. मी फडक्यात गुंडाळून ठेवायचे." मग ती म्हणाली, "आता नसतात तसे. आता गरम असतात." हे तिला कुणी सांगितलं नाही, तिचं तिलाच सुचलं. लगेच ती उठली. "चला, बंद करा ते. तुमची कामं खोळंबली असतील."

त्या दिवसापासून तिने मनगट सोडलं. येता-जाता ती दादाच्या तळव्यांना हात लावायची आणि समाधानाने पुढे जायची. "अगं, गुदगुल्या होतात!" दादा ओरडायचा. "होऊ देत," ती स्वयंपाकघरातून म्हणायची.

दादा त्या पंपावर साडेचार वर्षं जगला. जगला म्हणजे नुसता पडून नाही. दर गुरुवारी तो प्रयोगशाळेत यायचा. नव्या मुलांना म्हणायचा, "टेबलावरचं मॉडेल नंतर बघा, आधी चालतं-फिरतं बघा." मग त्यांच्याकडून जोड बांधून घ्यायचा आणि पसंत पडला नाही तर कापून टाकायला लावायचा. मुलं त्याला घाबरायची, आणि एखाद्या गुरुवारी तो आला नाही तर त्याची चौकशी करायला घरी यायची. दोघा भावांची भांडणंही आता तिथेच व्हायची, मुलांसमोर, नळीचा उतार किती असावा यावरून. मॅडम म्हणायच्या, माझी प्रयोगशाळा इतकी जिवंत कधीच नव्हती.

पाचव्या वर्षी एका सकाळी चहा पिताना दादाच्या हातातला कप निसटला. "अगं, हे…" एवढंच तो म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. मेंदूत रक्तस्राव झाला होता. असे पंप बसवलेल्यांना तो धोका असतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सावकाश बोलणाऱ्या डॉक्टरांनी दोघांना खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं की मेंदूचं काम पूर्ण थांबलंय. तो परत येणार नाही.

वहिनी आत गेली, खाटेच्या पायाशी बसली आणि तिने चादर बाजूला करून दादाचे तळवे हातात घेतले. मग तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती नळकाकांना बघवेना.

"भावजी, डॉक्टर चुकले. पाय गरम आहेत."

नळकाका तिच्याजवळ खाली बसले. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आता तेच त्यांना तिच्या हातातून काढून घ्यायचं होतं. दुसऱ्या कुणी ते केलेलं त्यांना चाललं नसतं.

"वहिनी," ते म्हणाले, "ती ऊब पंपाची आणि त्या श्वासाच्या यंत्राची आहे. ती दोन्ही दादाचं रक्त फिरवत ठेवतायत. टेबलावर फिरतं ना, तसं. दादा त्यात नाही आता."

तिने पाय सोडले नाहीत. कितीतरी वेळाने तिने विचारलं, "पंप दमत नाही?"

"नाही."

"मग त्यालाही कुणीतरी थांबवायला हवं."

"हो."

संध्याकाळी डॉक्टर आले, बरोबर एक तरुण डॉक्टर. श्वासाचं यंत्र त्यांनी हलक्या हाताने थांबवलं. मग तरुण डॉक्टर कंट्रोलरकडे वळला, बॅटरीला हात घालणार, तोच नळकाका उठले.

"थांबा. आधी त्याचा आवाज बंद करा. नाहीतर तो किंचाळत राहील."

तरुण डॉक्टर घुटमळला. कुठलं बटण, किती वेळ दाबायचं, हे त्याला आठवेना. मोठ्या डॉक्टरांनी नळकाकांकडे पाहिलं. "तुम्हाला येतं. तुम्ही करता का?"

नळकाकांनी वहिनीकडे पाहिलं.

"तुम्हीच करा, भावजी," ती म्हणाली. "परक्याने केलेलं काम त्यांना कधी पसंत पडलंय?"

नळकाकांनी कंट्रोलर हातात घेतला. आवाजाचं बटण दाबून धरलं, दिवा बदलेपर्यंत. मग एक बॅटरी काढली. मग दुसरी काढली. बारा-तेरा वर्षं त्यांचा हात हेच काम करत आला होता. खोलीत कसलाही आवाज झाला नाही. वहिनीने दादाचे पाय तसेच धरून ठेवले आणि नळकाका तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पाय गार व्हायला लागले तेव्हा तिने चादर नीट ओढली, कडा आत खोचली आणि म्हणाली, "चला."

महिन्याभराने वहिनीने कपाटातून जास्तीच्या चार बॅटऱ्या आणि चार्जर काढला. "हे कुणाच्या तरी कामाला येईल," म्हणाली. त्या वस्तू तिने पुसल्या, पिशवीत भरल्या आणि दोघं इस्पितळात गेली. नर्सने त्या तपासून, नंबर लिहून ठेवून घेतल्या. दोघं परत निघाली, तर ओळीतल्या शेवटच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाटेवर एक मध्यमवयीन माणूस झोपलेला, कमरेशी नवा कोरा कंट्रोलर. शेजारी त्याची बायको. तिने त्याचं मनगट दोन बोटांत धरलं होतं आणि ती भिंतीकडे बघत होती.

वहिनी थांबली. तिने दारावर हलकेच टकटक केलं. "येऊ का आत?"

ती बाई गोंधळून उठली. वहिनीने तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं, दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसली. मग मागे वळून म्हणाली, "भावजी, तुम्ही व्हा पुढे. मला वेळ लागेल."

नळकाका पुढे गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर, दाराजवळच्या टोकाला, ते बसून राहिले. आतून वहिनीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने त्या बाईचं हसू ऐकू आलं, रडता रडता येतं तसं. ते ऐकून त्यांनी पाय सैल सोडले आणि पाठ भिंतीला टेकवली.